मुरुमांचे खड्डे आणि काळे डाग: पील की लेसर?

रेवती_न: वय 26, वर्ण सावळा. गालांवर खड्डे, हनुवटीवर काळपट डाग. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांचा कोर्स संपून तीन महिने झालेत, नवे मुरूम नाहीत. एका ठिकाणी ग्लायकोलिक पीलच्या (अ‍ॅसिडने त्वचेचा वरचा थर सोलायचा) सहा सिटिंग्ज सांगितल्या, दुसरीकडे थेट फ्रॅक्शनल सीओटू लेसर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारायचं). दोन्ही परवडणार नाही. आधी काय करावं?

मंदार: आधी डाग आणि खड्डा वेगळे करा. खिडकीतला उजेड चेहऱ्यावर बाजूने पडेल असं बसून आरशात बघा. सावली पडते तो खड्डा. सपाट असून नुसता रंग वेगळा तो डाग. पील डागासाठी. खड्डा खालच्या थरातला असतो, तिथवर ग्लायकोलिक पोचतच नाही. सहा काय, बारा सिटिंग्ज केल्या तरी तो भरणार नाही.

खड्ड्यांतही प्रकार आहेत. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर लेसरचाही फार उपयोग नाही. त्यांच्या तळाशी टूथपिकच्या टोकाने 70 ते 100 टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड) लावतात आणि पांढरं पडलं की थांबतात. हे डॉक्टरांच्याच हातचं काम, ऑनलाइन बाटली मागवून करू नका. त्वचा दोन बोटांनी ताणल्यावर सपाट होणारे पसरट खड्डे खालच्या तंतूंनी ओढून धरलेले असतात. तिथे सबसिजन, म्हणजे सुई आत घालून ते तंतू तोडायचे. ठळक कडांचे उथळ खड्डे मात्र लेसरने चांगले सुधारतात.

अनघा प.: सावळ्या वर्णात सीओटूनंतर काळेपणा उमटायचा धोका खराच आहे. उष्णतेने दाह होतो आणि दाह झाला की रंगपेशी जास्त रंग तयार करतात. म्हणून डेन्सिटी, म्हणजे लेसरच्या ठिपक्यांची दाटी, कमी ठेवायची आणि दोन सिटिंग्जमध्ये किमान चार ते सहा आठवडे सोडायचे. एकाच सिटिंगमध्ये सगळं साफ करून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. मायक्रोनीडलिंग आरएफबद्दलही (बारीक सुयांतून रेडिओ लहरींची उष्णता देणं) विचारा. त्यात उष्णता सुईच्या टोकाशी, आत सुटते; वरचा थर बराच वाचतो.

डागांसाठी आधी दोन-तीन महिने अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड आणि आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड सनस्क्रीन लावून बघा. बरेच डाग त्यानेच फिके होतात, तो पैसा खड्ड्यांसाठी ठेवा. मेडिकलमधून आणलेलं मोमेटासोन मिसळलेलं गोरेपणाचं क्रीम अजिबात नको, त्यातल्या स्टेरॉइडने त्वचा पातळ होते.

पील करायचंच झालं तर तेलकट त्वचेला 20 ते 30 टक्के सॅलिसिलिक सोयीचं. ग्लायकोलिक वेळेत न्यूट्रलाइज केलं नाही, म्हणजे अ‍ॅसिडचा परिणाम थांबवला नाही, तर भाजतं. आधी आठवडाभर ट्रेटिनॉइन क्रीम, वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. नंतर सुटणारी साल ओढायची नाही.

रेवती_न: गोळ्यांच्या कोर्सनंतर पील-लेसरसाठी सहा महिने थांबायला हवं ना? आणि ओठांवर अधूनमधून हर्पीसचे फोड येतात.

मंदार: सहा महिन्यांचा नियम आता सरसकट लावत नाहीत. वरवरचं पील किंवा फ्रॅक्शनल लेसर त्याआधीही करतात. डर्माब्रेजन (यंत्राने त्वचा घासून काढणं) आणि पूर्ण थर काढणारं लेसर मात्र टाळतात. हर्पीसचं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. लेसरच्या आधीपासून हर्पीसवरचं औषध असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर सुरू करतात, नाहीतर तो सोललेल्या त्वचेवर पसरून नवे वण पडू शकतात. त्या दिवशी ताजा फोड असेल तर तारीख पुढे ढकला.