कुंडीतले ब्रह्मकमळ पाच वर्षांत एकदाही फुलले नाही

कुंडीवाली, ठाणे
आमच्या चौथ्या मजल्यावरच्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत मी पाच वर्षांपूर्वी ब्रह्मकमळाचे एक पान लावले. आता ते झाड माझ्या खांद्याला लागेल एवढे वाढले आहे, पाने गर्द हिरवी आणि तुकतुकीत आहेत, कीड नाही. मात्र आजवर साधी कळीसुद्धा आलेली नाही. दर जूनमध्ये मी ते आधीपेक्षा मोठ्या कुंडीत हलवते आणि सध्याची कुंडी १६ इंची आहे. घरच्या ओल्या कचऱ्याचे खत महिन्यातून दोनदा ओंजळभर घालते, पाणी बाराही महिने एक दिवसाआड देते आणि दिवाळीच्या आवराआवरीत रेलिंगबाहेर गेलेल्या लांब काठ्या छाटून टाकते. तीन वर्षांपूर्वी त्या छाटलेल्या काठ्यांपैकी दोन, त्यांच्यावरच्या पानांसकट, मी शेजारच्या काकूंना दिल्या. त्यांनी त्या जिन्यातल्या पूर्वेच्या खिडकीत तेलाच्या जुन्या डब्यात खोचल्या, आणि यंदाच्या श्रावणात त्यांच्यावर एकाच रात्री सात फुले उमलली. झाड माझेच असताना माझ्याकडे ते का फुलत नाही, हे कोणी सांगू शकेल का?

गच्चीकर, डोंबिवली
ब्रह्मकमळ हे मुळात हिमालयातले असल्यामुळे त्याला कडाक्याची थंडी लागते आणि ती ठाण्यात मिळत नाही, असे मला वाटते. केळीच्या साली दोन दिवस भिजवून ते पाणी घालून पाहावे. माझ्या जास्वंदीला त्याचा उपयोग झाला होता.

पानवेडा, पुणे
वरच्या उत्तरातला गैरसमज नावामुळे झाला आहे आणि तो फार जणांचा होतो. हिमालयातले ब्रह्मकमळ, म्हणजे सोसुरिया ऑब्व्हॅलाटा, ही सूर्यफुलाच्या कुळातली, साधारण ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर वाढणारी वनस्पती असून ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. आपल्या कुंड्यांमध्ये असते ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हा निवडुंगाच्या कुळातला, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतला आहे. तिथे तो मोठ्या झाडांच्या बेचक्यांत साठलेल्या मूठभर पालापाचोळ्यात मुळे रोवून राहतो; बांडगुळासारखा रस शोषत नाही, तर सह्याद्रीतल्या ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडसारखा नुसता आधार घेतो. काकूंचा तेलाचा डबा या झाडाला घरच्यासारखा का वाटला आणि तुमची १६ इंची कुंडी का वाटली नाही, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आपण ज्याला पान म्हणतो ते खरे तर चपटे झालेले खोड आहे. त्याच्या कडेला ज्या खाचा दिसतात, त्या खाचांतूनच कळ्या निघतात, आणि त्याही कोवळ्या पानांवर सहसा नाही, तर साधारण वर्षभर जुन्या, चांगल्या भरलेल्या पानांवर. झाड आधी काठीसारखा लांब, गोल फुटवा उंच सोडते, मग त्या काठीच्या बाजूंनी चपटी पाने फुटतात आणि ती पाने पुढच्या पावसाळ्यात फुलांना येतात. तुम्ही दर दिवाळीला नेमके तेच लाकूड छाटता. तुमच्याकडची फुले तुम्ही स्वतःच्या हाताने शेजारी पोचवलीत, असे म्हटले तर राग मानू नये.

बाकीच्या गोष्टी त्याला जोड देणाऱ्या आहेत. ओल्या कचऱ्याच्या खतात बहुधा नत्र भरपूर असते आणि नत्र मिळत राहिले की झाड पाला वाढवत बसते. दरवर्षी मोठी कुंडी मिळाली की मुळे मोकळी जागा भरण्याच्या मागे लागतात. मुळे थोडी दाटलेली असणे या झाडाला मानवते. पाण्याचे म्हणाल तर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वरची दोन इंच माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, मग ते आठ दिवसांनी असो की बारा. हा कोरडा आणि त्यातल्या त्यात थंड काळ मिळाला की पुढे कळ्या धरण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

प्रकाशाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. गर्द हिरवे पान आपल्याला निरोगी वाटते, पण या झाडात तो उजेड कमी पडत असल्याचा इशारा असतो; पुरेशा उजेडातले पान किंचित पोपटी दिसते. ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे तेवढे दिवस तुमच्या बाल्कनीत ऊन येत असेल. पण तेव्हाही बराच काळ आभाळ भरलेले असते आणि वर्षाचे उरलेले महिने झाडाला थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळेल अशा पूर्वेच्या खिडकीत कुंडी ठेवावी. दुपारच्या उन्हात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पाने पिवळी पडून करपतात.

द्राक्षमळा, नाशिक
पानवेडा यांच्याशी मी सहमत आहे, पण निव्वळ उपाशी ठेवूनही चालणार नाही. आमच्या भागात द्राक्षबागांसाठी ०:५२:३४ हे विद्राव्य खत सर्वत्र मिळते. त्यात नत्र अजिबात नसून स्फुरद आणि पालाश असते. मी मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या बेताने, माती आधी ओली करून, ते देतो आणि कळ्या दिसल्या की बंद करतो. केळीच्या सालींच्या पाण्याने माझ्याकडे तरी चिलटांशिवाय काही वाढले नाही.

कुंडीवाली, ठाणे
सर्वांचे आभार. दिवाळी तोंडावर असल्यामुळे कात्री काढून ठेवली होती, ती परत आत ठेवली. दोन शंका राहिल्या आहेत: यंदा जूनमध्ये मोठ्या कुंडीत हलवलेले झाड आता पुन्हा लहान कुंडीत लावावे का, आणि बाहेर लोंबणाऱ्या काठ्यांचे काय करावे?

पानवेडा, पुणे
कुंडी आता बदलू नये. मुळे पुन्हा दुखावतील आणि आणखी एक हंगाम वाया जाईल. पुढची दोन-तीन वर्षे झाड त्याच कुंडीत राहू द्यावे. काठ्या बांबूला सुतळीने सैल बांधून उभ्या कराव्यात आणि फक्त सुकलेल्या किंवा कुजलेल्या तेवढ्या काढाव्यात. पूर्वेच्या खिडकीत हलवायचे ते आताच हलवावे, कारण पानांच्या खाचांत वाटाण्याएवढ्या तांबूस कळ्या दिसू लागल्यावर कुंडीची जागा बदलली किंवा माती एकदम सुकली, तर त्या कळ्या गळतात. कळी दिसल्यापासून उमलेपर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. खाली लोंबणाऱ्या कळीचा देठ वळून तोंड वर आले आणि ती टपोरी पांढरी दिसू लागली, की त्याच किंवा दुसऱ्या रात्री आठ-नऊच्या सुमारास ती उघडू लागते, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उमलते आणि सकाळी मान टाकते. तेव्हा शेजारच्या काकूंना बोलवायचे असेल, तर जेवणानंतरची वेळ द्यावी.