प्रतिसाद: अरीथा फ्रँकलिनचा पैसा

अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' हे गाणं अजून रेडिओवर वाजतं, म्हणजे तिच्या घरच्यांना बसल्या जागी पैसा मिळत असणार, असं वर कुणीतरी लिहिलंय. तसं नाहीये. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं की मानधन गीतकार-संगीतकाराला मिळतं, गायकाला छदामही नाही. आणि गाणं मुळात गायक-गीतकार ओटिस रेडिंगचं, १९६५चं. अरीथाने १९६७ मध्ये गाऊन ते आपलंसं केलं. पण रेडिओचा पैसा रेडिंगकडे!

कार्यक्रमाचे पैसे मात्र ती आधी रोख मोजून घ्यायची आणि पर्स सोबत घेऊनच स्टेजवर जायची. (बरोबरच होतं तिचं.) एवढी व्यवहारी बाई, पण रीतसर मृत्युपत्र नाही. २०१८ मध्ये ती गेली, पुढच्या वर्षी सोफ्याच्या गाद्यांखालच्या वहीत २०१४चं हाताने लिहिलेलं मृत्युपत्र सापडलं. मुलं कोर्टात गेली. २०२३ मध्ये ज्युरीने तेच वैध धरलं.