ओवी, अभंग, आर्या कशी ओळखायची? आणि त्यावरून कालखंड ठरतो का?

वाचनवेडी:
एम.ए.च्या परीक्षेत अपठित पद्य देऊन छंद आणि कालखंड विचारतात. ओवी आणि अभंगात गल्लत होते, आर्या तर जमतच नाही. आधी काय मोजायचं? अभंग दिसला की संतकाळ लिहिलं तर चालेल का?

छांदिष्ट:
आधी अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. मोठ्या अभंगात 6, 6, 6, 4 अशी 22 अक्षरं आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत: ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’. लहान अभंगात 8-8: ‘जे का रंजले गांजले / त्यासि म्हणे जो आपुले’. ओवीत पहिल्या तिन्ही चरणांना यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. अक्षरसंख्या सैल असते, त्यामुळे ओवी यमकावरूनच पकडायची.

लघुगुरू:
अक्षरं जुळेनात, तर आर्येसाठी मात्रा (उच्चाराच्या वेळेचं माप) मोजा. ऱ्हस्वाची 1, दीर्घाच्या 2. जोडाक्षराचा आघात आधीच्या ऱ्हस्वावर आला की त्याच्याही 2, आणि चुकतं ते इथेच. ‘सुश्लोक वामनाचा’ यात ‘सु’च्या 2 धरल्या तरच 12 भरतात. पुढे ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’ 18. ‘ओवी ज्ञानेशाची’ पुन्हा 12, ‘किंवा आर्या मयूरपंताची’ 18. म्हणजे आर्येचं कौतुक करणारं हे पद्य काटेकोरपणे पाहिलं तर गीती (दोन्ही अर्ध 12 + 18) आहे! आर्येचा उत्तरार्ध 12 + 15 असतो. मोरोपंतांच्या बहुतेक ‘आर्या’ही गीतीच आहेत. त्यांची ‘केकावली’ मात्र पृथ्वी वृत्तात: 17 अक्षरं, ज स ज स य ल ग (तीन-तीन अक्षरांच्या गणांची आद्याक्षरं, शेवटी एक लघू, एक गुरू). ‘सुसंगति सदा घडो’ इथे आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा.

जुनी पोथी:
अभंग म्हणजे संतकाळ असं अजिबात लिहू नका. विसाव्या शतकातल्या मर्ढेकरांनीही अभंग लिहिले. ओवी ज्ञानेश्वरीत (शके 1212) आहे, तशी श्रीधरांच्या इ.स. 1702 च्या ‘हरिविजया’तही आहे. पोवाडा म्हटलं की आपण पेशवाई लिहितो, पण अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा शिवकाळातला. काळ ठरवायचा तो भाषेवरून. ‘म्हणौनि’, ‘आघवें’, ‘तेथ’ अशी रूपं दाट असतील तर यादवकाळाकडे जा, लांबलचक संस्कृत समास आणि शब्दालंकारांची आतषबाजी असेल तर वामन-मोरोपंतांच्या पंडिती काव्याकडे. नाममुद्रा (‘तुका म्हणे’सारखी कवीच्या नावाची ओळ) असेल तर प्रश्नच मिटला, पण परीक्षेत ती ओळ बहुधा कापलेली असते. छंदावरून खात्रीनं काळ सांगता येतो तो सुनीताचा (चौदा ओळींचं ‘सॉनेट’): केशवसुतांनी मराठीत ते 1892 मध्ये आणलं, त्याआधीचं असणं शक्य नाही.