मे महिन्यात ताडोबा, सोबत आई-बाबा आणि ७ वर्षांची लेक: काय काय तयारी करावी?

धांदरट_मीरा

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्याहून मे च्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबाला जायचं म्हणतोय. मी, नवरा, लेक (७ वर्षं), आई (६६, गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय पण चालते व्यवस्थित) आणि बाबा (७१, बीपीची गोळी चालू). बाबांना आयुष्यात एकदा तरी जंगलातला वाघ बघायचाय, गेली दहा वर्षं ऐकतेय. सगळे म्हणतात उन्हाळ्यातच वाघ दिसतो पण मला त्या उन्हाची धास्ती वाटतेय. किती सफारी घ्याव्यात, कुठलं गेट, गाडीने यावं का ट्रेनने, आणि बॅगेत काय हवंच हवं ते सांगा. एका रिसॉर्टवाल्याने 'सफारी आमच्याकडे कन्फर्म, तुम्ही फक्त पैसे पाठवा' असं सांगितलंय, पाठवू का?

जुना_भटक्या

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, नका पाठवू. सफारीचं बुकिंग वनखात्याच्या अधिकृत साईटवर स्वतः करा, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर टाकून. जे ओळखपत्र टाकाल तेच ओरिजिनल गेटवर दाखवावं लागतं. आम्ही एकदा अशाच एका रिसॉर्टच्या भरवशावर गेलो, तिथे पोचल्यावर कळलं की 'कन्फर्म' म्हणजे बफरची (जंगलाभोवतीच्या पट्ट्याची) एक सफारी, कोअरची (आतल्या मुख्य जंगलाची) नाहीच. भांडून उपयोग काय, गेट पहाटे उघडतं आणि तोपर्यंत मालक झोपलेला.

तर क्रम असा ठेवा, आधी सफारी मग हॉटेल मग तिकिटं. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग मोहर्लीला सफारी आणि मुक्काम कोलाऱ्याला असा घोळ होतो. नकाशावर एकच जंगल दिसतं, पण एका गेटहून दुसऱ्या गेटला जायचं तर बाहेरून मोठा वळसा आहे, पहाटे साडेचारला तो वळसा घालायची वेळ शत्रूवरही येऊ नये. नागपूरहून येत असाल तर कोलारा-नवेगाव बाजू जवळ पडते, चिमूरवरून. चंद्रपूरला उतरणार असाल तर मोहर्ली. राहायच्या सोयी मोहर्लीला जास्त आहेत, म्हाताऱ्या माणसांना घेऊन पहिल्यांदाच येताय तर मी मोहर्लीच म्हणेन.

मंगळवारी कोअर बंद असतं, हे विसरून दोन रात्रींचं बुकिंग सोमवार-मंगळवार करणारे लोक मी दरवर्षी बघतो. आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंदच.

सफारी किती? पाच जणांना एक पूर्ण जिप्सी (सफारीची उघडी गाडी) घ्या, सहा माणसं बसतात, पाचातच घेतलेली बरी, ऐसपैस बसाल. दोन कोअर आणि एक बफर, बस्स. चार-पाच सफारी लावून लोक दुसऱ्या दिवशी जिप्सीत डुलक्या घेतात. बफरला नाक मुरडू नका, आगरझरी-देवाडा भागात मला कोअरपेक्षा जास्त वेळा वाघ दिसलाय.

चांदा_ते_बांदा

ताई मी चंद्रपूरचाच आहो, म्हणून उन्हाचं मी सांगतो, बाकी भटक्या भाऊंनी बरोबरच सांगितलं. मे मध्ये आमच्याकडे ४५-४६ म्हणजे साधी गोष्ट आहे, त्याच्या वरही जाते. पुण्याच्या ३९ ले तुम्ही 'ऊन' म्हणता, ते आमचं मार्च महिन्यातलं होये. भिऊ नका पण मजाकही समजू नका.

सकाळची सफारी मस्त असते, उलट पहाटे उघड्या जिप्सीत वारा लागते तं पोरीले एक पातळ जॅकेट घ्या. खरी परीक्षा दुपारची. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास निघा लागते आणि तेव्हा जिप्सीचा लोखंडी दांडा हाताले चटका देते, खरंच हात लावून पाहा. आईबाबांले दुपारची सफारी देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यायले दोन्ही सकाळच्या घ्या, दुपारची तुम्ही नवरा-बायको करा, आजी-आजोबा आणि नात कूलरपुढे झोपतीन.

दुपट्टा पाहिजेच, मोठा सुती, स्कार्फबिर्फ नाई. डोकं, कान, मान पूर्ण बांधाचं, वरून टोपी. कान उघडे राहिले की ऊन लागलंच समजा. निघाच्या आधी ओला करून घ्या, दहा मिनिटांत वाळते पण तेवढ्यात थोडं बरं वाटते. जेवणात कच्चा कांदा, ताक, कैरीचं पन्हं. आमची आजी खिशात कांदा ठेवाले सांगे, त्यानं काय होते मले मालूम नाई पण आम्ही अजूनही ठेवतो 😀

पाणी तहान लागाच्या आधी प्या. ओआरएसची पाकिटं पुण्याहूनच आणा. बाबांची बीपीची गोळी लघवी जास्त होणारी असन तं डॉक्टरले विचारूनच या, घामानं आधीच पाणी जाते. मीठ-साखर पाण्याचंही त्यायलेच विचारा.

कंबरेचा_काटा

मीराताई, आईंच्या गुडघ्यासाठी अनुभवाचे बोल. माझ्या सासूबाईंना नेलं होतं, त्यांनाही गुडघा. जिप्सीत चढायची पायरी उंच असते, आणि उघड्या गाडीला धरायला असा काही कठडा नसतो. मी घरून प्लॅस्टिकचा छोटा स्टूल नेला, बाथरूममधला, नवरा हसला, पण पहिल्याच सफारीला शेजारच्या जिप्सीतल्या दोन काकूंनी तो मागून घेतला. ड्रायव्हर स्वतःहून धरून देत होता नंतर.

आईंना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा, समोर धरायला दांडा मिळतो. सगळ्यात मागची सीट चाकावर येते, रस्ते कच्चे, प्रत्येक खड्डा मणक्यात वाजतो. फोटोसाठी मागची उंच सीट चांगली असते म्हणून नवरे लोक तिकडे धावतात, धावू द्या. बसायला एक उशी किंवा दुमडलेली चादर न्या.

सफारी साधारण चार तास, आणि मनात येईल तिथे खाली उतरता येत नाही. आत ठराविक ठिकाणीच थांबतात, तिथे टॉयलेट असतं. म्हणून निघायच्या आधी चहा अर्धा कप. हे कोणी सांगत नाही आणि मग पंचाईत होते.

कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही हे लेकीला आणि विशेषतः नवऱ्याला आधीच सांगून ठेवा. कॅमेरा चालतो, मोठ्या लेन्सला वेगळे पैसे पडतात. आमच्याकडे कॅमेराच नव्हता, तर एक साधी दुर्बीण घेतली, ती पोराने चार तास हातातली सोडली नाही. मोबाईलपेक्षा बरं झालं म्हणायचं.

धुळीचं पण सांगते. पुढे दुसरी जिप्सी असेल तर अख्खी लाल धूळ आपल्या अंगावर. पांढरा रुमाल नेला होता, नाक पुसल्यावर विटेचा तुकडा दिसत होता. जुने, मातकट, फिक्या हिरव्या रंगाचे कपडे, अत्तर-बित्तर नको, चष्मा असेल तर पुसायचं कापड. अस्थमा असेल कुणाला तर पंप खिशातच.

निवांत_नाखवा

सगळं पटलं, पण मे कशाला मुळात? मी फेब्रुवारीत जातो, वाघ दोनदा दिसला दोनदा नाही, पण अंगाची लाही लाही न होता जंगल तरी बघता आलं. उन्हाळ्यात पानं गळून सगळं आरपार दिसतं, पाणवठे आटतात आणि जनावर उरलेल्या पाण्यावर येतं, हे गणित खरं आहे. पण एका पाणवठ्यावर वीस जिप्स्या लागलेल्या असतात, सगळे माना उंचावून, कुणीतरी कुजबुजतं 'आला आला' आणि निघतं रानडुक्कर. ७१ वर्षांच्या माणसाला त्यासाठी ४५ डिग्रीत न्यायचं?

जुना_भटक्या

नाखवा, मुलीची शाळा असते हो फेब्रुवारीत, सगळे आपल्यासारखे रिकामटेकडे नसतात 😄 आणि ऐकणं हीच तर मजा आहे. मीराताई, लेकीला एक शिकवून ठेवा. चितळ ओरडलं तर खूश व्हायचं, पण लगेच गाडी पळवायची नाही, चितळ घाबरट, बिबट्यालाही ओरडतं, कधी नुसत्या सावलीलाही. सांबर ओरडलं तर मात्र गप्प बसून राहायचं. तो 'ढांक्' असा एकच जाड आवाज येतो, मग मिनिटभर काही नाही, मग पुन्हा. सांबर उगाच ओरडत नाही. आमचा गाईड इंजिन बंद करायला लावतो आणि रस्त्याच्या कडेच्या धुळीत ठसे बघत बसतो, ठशावर गाडीच्या टायरची खूण असेल तर तो आधीचा, टायरवर ठसा असेल तर वाघ आत्ताच गेला. माझ्या मुलाला वाघापेक्षा हेच जास्त आठवतं.

बाबांना ताडोबा तलाव दाखवा, मगरी असतात. तलावाकाठी तारूचं देऊळ आहे, गोंड लोकांचा देव, त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडलं म्हणतात. तारू वाघाशी लढताना गेला अशी गोष्ट आहे. ती गाईडकडूनच ऐका.

धांदरट_मीरा

बापरे, एवढं सगळं! खूप आभार सगळ्यांचे. रिसॉर्टवाल्याला नाही कळवलं. तारखा मात्र बदलता येणार नाहीत, नवऱ्याची सुट्टी तेव्हाच आहे. दोन सकाळच्या कोअर मोहर्लीहून आणि एक दुपारची बफर फक्त आम्हा दोघांना, असं ठरवतेय. आता शेवटचं, गाडी का ट्रेन? नवरा म्हणतो समृद्धीने भुर्रकन जाऊ.

चांदा_ते_बांदा

ट्रेननं या ताई. संध्याकाळी पुण्याहून बसा, सकाळी नागपूर, तिथून टॅक्सी करा, मोहर्ली अडीच-तीन तासांत येते. समृद्धी महामार्ग रस्ता चांगलाच आहे, पण शिर्डी नाई तं संभाजीनगरपर्यंत येऊनच तुमचा अर्धा दिवस जाईन. वरून मे च्या दुपारी तापलेल्या सिमेंटवर १२० नं पळवाल, टायर जुने असले तर कठीण आहे, सरळ रस्त्यानं झोपही लागते. गाडीच आणाची असन तं टायर बदलून, हवा तपासून, पहाटे निघा आणि दुपारी बारा ते चार कुठंतरी थांबा. सोबत म्हातारी माणसं आहे.

वाटेत वरोऱ्याले आनंदवन लागते, बाबांले आवडन, परतीच्या दिवशी ठेवा. आणि रस्त्यानं कोणी टेंभरं विकत असन तं नक्की घ्या, तेंदूचं फळ, पुण्यात कुठं भेटते ते.

कंबरेचा_काटा

आणि स्टूल विसरू नका हो!