नवरा झोपेत श्वास घ्यायचा थांबतो, सेकंडहँड सीपॅप घेऊ का?

साताऱ्याची_सून
नवरा 47 वर्षांचा. घोरणं लग्नापासूनचं, त्याचं काही वाटत नाही. पण वर्षभरात घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो. मी अंधारात आकडे मोजत बसते. कधी दहा, कधी वीस. मग गचका बसतो, कूस बदलतो, पुन्हा सुरू. सकाळी डोकं जड. बीपीच्या दोन गोळ्या घेऊनही वरचा आकडा 150. परवा खंबाटकीत गाडी चालवताना डुलकी लागली, मी शेजारी होते म्हणून निभावलं. सासूबाईंचं म्हणणं, घोरतो म्हणजे गाढ झोपतो. ऑनलाइन एक जुनं सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

मशीनवाला_काका
ताई, आधी मशीन नाही, आधी स्लीप स्टडी. आणि तोवर गाडी तुम्ही चालवा. बाकी सगळं आठवडाभर थांबेल, हे थांबणार नाही.

मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, निघून सहा वर्षं झाली. तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो ते मोजतात. पाचच्या आत ठीक, 15 पर्यंत सौम्य, 30 च्या वर तीव्र. माझा आला 52! म्हणजे मिनिटाला जवळजवळ एकदा घसा मिटत होता. दर वेळी ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकून जागं होतं, बीपी चढतं. गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागे हे बऱ्याचदा निघतं. हृदयाचे ठोके बिघडणं, पक्षाघात, मधुमेह यांच्याशीही संबंध आहे. 2022 मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव घेतलं होतं.

जुन्या मशीनबद्दल: 2021 मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे लाखो मशीन्स परत मागवली होती, त्यातलं गळ्यात पडायचं. शिवाय प्रेशर किती ठेवायचं ते डॉक्टर ठरवतात.

दातांची_डॉक्टर
सौम्य-मध्यम त्रासात खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी चालते, दातांचं माप घेऊन बनवतात. बाजारातली गरम पाण्यात टाकून चावायची नको. कुशीवर झोपणं, वजन उतरवणं याने फरक पडतो. टॉन्सिल मोठे असतील किंवा नाक चोंदत असेल तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

निशाचर
रात्रीचा पेग आणि झोपेची गोळी दोन्ही बंद. घसा आणखी सैल पडतो. अनुभवाचे बोल, जास्त विचारू नका.

साताऱ्याची_सून
घरीच स्टडी झाली, बोटाला-छातीला वायरी लावून. आकडा 38. डॉक्टर सीपॅपच म्हणाले, चार दिवस ट्रायलला दिलंय. दुसऱ्याच रात्री साहेबांनी मास्क काढून फेकला. हवा मिशीतून फुसफुसते म्हणे.

मशीनवाला_काका
फेकणारच, मीही फेकला होता. झोपेत सवय लावायची नाही, आधी संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास लावून बसवा. मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं घातलंत तर क्षार बसतात. लाइट जाते का तिकडे? इन्व्हर्टरवर जोडून ठेवा. आणि मिशीसाठी नुसता नाकपुड्यांत बसणारा छोटा पिलो मास्क मागा, तोंडाने श्वास घेत नसतील तर.

साताऱ्याची_सून
तो मागवलाय. मिशी काढ म्हटलं तर तीन दिवस बोलला नसता.