भावाने वाडीचं कुंपण सरकवलं, आता क्षमा म्हणजे नेमकं काय करायचं?

वाडीवाला, वसई
नमस्कार मंडळी. आमची केळीची वाडी आहे, शेजारची चुलतभावाची. यंदा त्याने नवं कुंपण घातलं आणि ते आमच्या बाजूला तीन-चार हात आलं. कोपऱ्यातला हद्दीचा दगडही दिसत नाही. विचारलं तर म्हणतो, जुनं कुंपणच चुकीचं होतं. दोघंही एकाच धर्मग्रामातले, म्हणजे एकाच चर्चचे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना शांतीची खूण द्यायची वेळ आली की तो एका टोकाला, मी दुसऱ्या. बायको म्हणते, सोडून द्या, सात वेळा नव्हे, सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलंय. थोरला मुलगा म्हणतो, वकील गाठा. मला भाऊही हवाय आणि वडिलांनी राखलेली जमीनही. प्रभूची शिकवण पाळायची तर काय करू?

शांतिप्रिय
वहिनींचं ऐका. कोणी अंगरखा मागितला तर वरचं वस्त्रही द्या, असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. तीन हात जमीन ती काय!

निवृत्त भूकरमापक, नगर
मला हे पटत नाही. नोकरीभर मी बांधाचीच भांडणं मोजली. ‘सोडून दिलं’ म्हणणारे पुढे लग्नाला जात नाहीत, मयतीला जात नाहीत. जमीन सोडलेली असते, राग नाही.

शेजाऱ्याची हद्द सारू नको, असं बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. सारणाऱ्याला शापही आहे. म्हणजे हद्द खरी कुठे आहे हे शोधणं हा काही लोभ नव्हे. फक्त क्रम पाळा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे: आधी दोघांनीच बोलायचं, नाही ऐकलं तर एक-दोन जणांना सोबत न्यायचं, मंडळीला, म्हणजे चर्चला, सांगायचं त्यानंतर. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं. आधी सगळ्या गावाला कळतं, भावाला सर्वात शेवटी.

त्याच्या घरी जा, वाडीत नको. तिथे दोघांच्याही नजरा कुंपणावरच राहतील. म्हणा, दोघं मिळून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करू, फी निम्मी-निम्मी. मोजणीची नोटीस लगतच्या कब्जेदारांनाही जाते, हद्दीच्या खुणा दाखवतात, नंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते. आणि मुख्य म्हणजे हे आधीच सांगा: मोजणी माझ्या विरुद्ध गेली तर कुंपण मी स्वतः मागे घेईन. हे मनापासून म्हणता येत नसेल तर अजून जाऊ नका.

फादरांना निवाडा करायला बसवू नका. भावाकडून वाटा मिळवून द्या, असं एकजण येशूला म्हणाला, तेव्हा त्याने वाटणी करायला साफ नकार दिला आणि लोभापासून जपा म्हणून बजावलं. फादरांकडे जायचं ते आपलं मन तपासायला. कोर्टापर्यंत गेलंच तर लोकअदालतीत तडजोड होते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून भांडण खरंच संपतं.

एक ताई, पुणे
दादा, तुम्हाला बहिणी आहेत का? आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी यांच्या वाट्यात त्यात फरक नाही. तरी कितीतरी घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि तिला म्हणतात, ख्रिस्ती माणसाने जमिनीसाठी भांडू नये. क्षमेचा उपदेश नेहमी कमजोर बाजूलाच का करतात, याची मला मनस्वी चीड आहे. आणि शांतिप्रिय, अंगरखा स्वतःचा असतो, तो खुशाल द्यावा. बहिणीच्या वाट्याची जमीन देऊन भावाने उदार व्हायचं, हे प्रभूने कुठे सांगितलंय?

वाडीवाला, वसई
ताई, एक बहीण आहे, सातबाऱ्यावर तिचंही नाव आहे. तुमचं वाचून तिला फोन केला. म्हणाली, शनिवारी तू जाशील तेव्हा मीही येते. साहेब, पहिल्या खेपेला दोघांनीच बोलायचं म्हणता, मग तिला थांबवू का?

निवृत्त भूकरमापक, नगर
मुळीच थांबवू नका. जमीन तिचीही आहे, तेव्हा ती साक्षीदार म्हणून येत नाही, तुमच्या इतकीच धनी म्हणून येते. तिलाच आधी बोलू द्या. थोरल्याला मात्र घरी ठेवा.