मदत हवी आहे: ताशी ५०० किमीच्या गाडीला वीज तारेतून द्यावी की मार्गातूनच?

नमस्कार मंडळी,

अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी ताशी ५०० किमी वेगाने रोज धावेल अशा गाडीचा आराखडा करतेय. तीन आठवडे झाले, वीजपुरवठ्यापाशी अडकले आहे.

बॅटरी आधीच बाद केली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे लागणारी शक्ती घनाने. २० मेगावॉट धरले तर तासाभराच्या धावेला, किलोमागे २०० वॉट-तास या हिशेबाने, नुसत्या बॅटऱ्याच १०० टन होतात.

राहिली डोक्यावरची तार, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा गाडीच्या छतावरचा सांगाडा) तारेला खालून दाबत जातो, त्यामुळे तारेत लहर उठते. गाडीचा वेग या लहरीच्या वेगाच्या साधारण ७० टक्क्यांच्या आत ठेवतात. त्यापुढे तार जोरात हेलकावते, संपर्क तुटतो, ठिणग्या उडतात. मीटरला १.३३ किलो वजनाची तांब्याची तार आणि २७ किलोन्यूटन ताण घेतला, तर लहर ताशी ५१३ किमीने जाते (ताण भागिले मीटरमागचं वजन, त्याचं वर्गमूळ). म्हणजे मला ३६०च्या आतच थांबायला हवं!

फ्रान्समध्ये ३ एप्रिल २००७ रोजी चाकांच्या गाडीने ५७४.८ गाठले, हे माहीत आहे. पण त्यासाठी तार ४० किलोन्यूटनपर्यंत ताणली होती, व्होल्टेज २५ ऐवजी ३१ किलोव्होल्ट केलं होतं आणि चाकंही मोठी बसवली होती. विक्रमासाठी ते ठीक. रोज तेवढ्या ताणावर तार किती टिकेल? लहर वेगाने जावी म्हणून तार बारीक, हलकी करावी तर २५ किलोव्होल्टवर २० मेगावॉट म्हणजे ८०० अँपिअर, तार तापणार.

वळणांचंही तसंच. बाहेरचा रूळ १८० मिमी उचलला आणि १०० मिमीची तूट (लागणाऱ्या उचलीपेक्षा तेवढी कमी उचल) चालवून घेतली, तरी त्रिज्या साडेदहा किलोमीटर येते. ३०० किमीला हीच ३.८ होती. एवढं सरळ जायला जमीन कुठून आणायची?

तार सोडून चुंबकी गाडीकडे (रुळांऐवजी चुंबकांच्या जोरावर तरंगत जाणारी) वळू का? कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा, मला मनापासून समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद

तुमचं गणित बरोबर आहे. ५००ला तारेचा नाद सोडा. एवढ्या वेगाच्या चुंबकी गाडीत मोटरची गुंडाळी मार्गातच असते, त्यामुळे गाडी पळवणारी वीज गाडीत चढवावीच लागत नाही. शांघायच्या ३० किमीच्या मार्गावर गाडी ज्या टप्प्यात असेल तेवढ्याच टप्प्याला वीज देतात. दिवे आणि वातानुकूलनाची वीज जपानच्या गाडीत जमिनीवरच्या गुंडाळ्यांमधून विनास्पर्श घेतात. २०१५मध्ये ताशी ६०३ किमी गाठलेली जपानची गाडी याच मालिकेतली. खर्च मात्र सगळा मार्गात जातो, अख्ख्या लांबीभर गुंडाळ्या अंथरायच्या.

वळणात थोडा फायदा मिळेल. जपानची गाडी यू आकाराच्या खोबणीतून जाते, त्यामुळे मार्ग रुळांपेक्षा जास्त कलवता येतो. जपानने ५००साठी किमान त्रिज्या ८,००० मीटर धरली आहे.

तुमच्या मार्गावर बोगदे किती आणि केवढ्या व्यासाचे, ते लिहा. या वेगाला बोगद्यात शिरताना उठणारी दाबाची लाट दुसऱ्या तोंडाशी धडाक्याने फुटते, आणि गाडीच्या नाकाची लांबी त्यावरूनच ठरवावी लागते.